काट्याने काटा काढताना

२३ जुलै २००९ ची सकाळ. हडसनच्या काठावरची रोजची फेरी आटपून मी घरी आलो, तर सौ. हातात चहाचा कप घेऊन टीव्हीसमोर उभी. "अहो, आपल्या गावचे पुढारी बेड्या घालून नेताहेत," ती म्हणाली. पडद्यावर एफबीआयची माणसे एकेकाला बसमध्ये चढवत होती. त्या एका दिवसात ४४ जणांना अटक झाली. त्यांत होबोकेनचे महापौर होते, ज्यांना शपथ घेऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. सिकॉकसचे महापौर होते. आपल्या जर्सी सिटीच्या उपमहापौर होत्या आणि नगरपरिषदेचे अध्यक्षही होते. आपल्यापैकी जे तेव्हा इथे राहत होते त्यांना तो दिवस नक्की आठवत असेल. पुढचे पंधरा दिवस जर्नल स्क्वेअरच्या भाजीच्या दुकानातही दुसरा विषय नव्हता.

या बहुतेकांना जाळ्यात ओढणारा माणूस एकच होता, सॉलोमन ड्वेक. तो बंदूकवाला गुंड नव्हता. न्यू जर्सीच्या समुद्रकाठी जमीनजुमल्याचे व्यवहार करणारा हा गृहस्थ. २००६ मध्ये त्याने बँकेच्या खिडकीवर अडीच कोटी डॉलरचा न वटणारा चेक भरला आणि पकडला गेला. मग त्याने सरकारशी समझोता केला, अंगावर रेकॉर्डर लावला, वेगळे नाव घेतले आणि बिल्डर बनून आमच्या गावातल्या डायनरमध्ये नोटांची पाकिटे वाटू लागला.

मी आयुष्यभर लोकप्रशासन शिकवले. वर्गात फायलींचा कंटाळवाणा विषय रंगवून सांगायला ड्वेकचे प्रकरण मला फार उपयोगी पडले. कारण त्यात सगळे कागदावर होते. हा माणूस अमुक तारखेपासून आमचा खबरी, त्याच्यावर हे आरोप, त्याच्याशी हा करार, या त्याच्या ध्वनिफिती. बचाव पक्षाच्या वकिलांनी त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा करून सोलून काढला. ज्युरीने उपमहापौरांना दोषी ठरवले, तर दुसऱ्या काही आरोपींना निर्दोष सोडले. महापौरपदाच्या एका माजी उमेदवारावरचे आरोप न्यायाधीशांनीच रद्द केले. खुद्द ड्वेक २०११ मध्ये भाड्याची मोटार परत न करता खोटे बोलला, तेव्हा न्यायालयाने त्याचा जामीन रद्द केला आणि पुढल्या वर्षी त्याला सहा वर्षांची शिक्षा दिली. सरकारचा माणूस म्हणून त्याला थोडी सवलत मिळाली असेल, पण तो कायद्याच्या बाहेर कधीच नव्हता.

या वर्षी गणपतीला माझी नात आली होती. ती कायद्याचे शिक्षण घेते. तिला ही हकिगत सांगता सांगता मी दुसऱ्या एका माणसाच्या गोष्टीवर गेलो. तो मात्र बंदूकवाला होता आणि माझ्याच गल्लीतला होता. सगळे ऐकून घेऊन तिने जो प्रश्न विचारला, त्याच्यामुळे हा लेख लिहीत आहे.

टिळकनगरचा मुलगा

माझे बालपण चेंबूरला, टिळकनगरच्या हाउसिंग बोर्डाच्या इमारतींत गेले. मी १९७५ मध्ये पीएच.डी.साठी अमेरिकेत आलो, तेव्हा राजेंद्र सदाशिव निकाळजे हा शाळकरी वयाचा पोरगा असणार. मी त्याला कधी पाहिल्याचे आठवत नाही. पण पुढे सुट्टीत घरी गेलो की धाकटा भाऊ त्याच्याबद्दल सांगायचा. सहकार सिनेमाबाहेर तो तिकिटांचा काळाबाजार करायचा. राजन नायर नावाच्या दादाचा तो चेला. १९८३ मध्ये नायरला न्यायालयाच्या आवारात गोळ्या घातल्या गेल्या. लोक नायरला बडा राजन म्हणत, म्हणून त्याची गादी चालवणारा हा छोटा राजन झाला. मग तो दाऊद इब्राहिमच्या टोळीत वर चढला आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस दुबईला पळाला. टिळकनगरच्या गणपतीचे डोळे दिपवणारे देखावे आणि त्याचे नाव लोक एका दमात घेऊ लागले होते.

१२ मार्च १९९३ ला मुंबईत बाँबस्फोट झाले. २५७ माणसे मेली. त्यानंतर राजन दाऊदपासून फुटला आणि त्याने स्वतःला देशभक्त म्हणवून घ्यायला सुरुवात केली. स्फोटांच्या खटल्यातले काही आरोपी जामिनावर बाहेर असताना मारले गेले आणि त्याचे श्रेय तो फोनवरून पत्रकारांना सांगू लागला. वर्तमानपत्रांनी त्याला 'हिंदू डॉन' म्हटले.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. १९९९ च्या आसपास आमच्याच मंडळाच्या कोजागरीला, दुधाचे पेले हातात घेऊन आम्ही चारपाच जण गच्चीवर उभे होतो. विषय राजनवर आला. मी म्हणालो, "काही म्हणा, काट्याने काटा काढायला आपला एक तरी माणूस आहे." सगळे हसले. लोकप्रशासनाचा प्राध्यापक हे बोलला. ज्यांच्यावरचा खटला अजून संपायचा होता त्यांना एका खंडणीखोराने ठार मारले, आणि कायद्याच्या राज्यावर व्याख्याने देणाऱ्या मला ते खटकले नाही. तो ज्या हॉटेलवाल्यांकडून आणि बिल्डरांकडून पैसे उकळत होता, ते आमच्या कोणाच्या ओळखीचे नव्हते.

सरकारलाही हाच विचार सुचला होता का? तशा खुणा अधूनमधून दिसत राहिल्या. सप्टेंबर २००० मध्ये बँकॉकला राजनवर दाऊदच्या लोकांनी हल्ला केला. तो वाचला, आणि भारताने त्याला ताब्यात मागितले असतानाच रुग्णालयातून पसार झाला. जुलै २००५ मध्ये मुंबई पोलिसांनी त्याचा हस्तक विकी मल्होत्रा याला दिल्लीत पकडले. त्या वेळी मल्होत्राबरोबर गुप्तचर खात्यातून नुकतेच निवृत्त झालेले एक बडे अधिकारी होते, असे वर्तमानपत्रांत छापून आले. एका खात्याचे पोलीस ज्याला पकडायला टपले आहेत, त्याच्याशी दुसऱ्या खात्याचा माणूस बोलतो आहे, असे ते चित्र होते. दहा वर्षांनी, २०१५ मध्ये, केंद्रीय गृहसचिव राहिलेल्या एका गृहस्थांनी टीव्हीवर सांगितले की दाऊदला संपवण्यासाठी राजनच्या माणसांचा वापर करण्याची योजना होती आणि ती मुंबई पोलिसांतल्याच काही जणांमुळे फसली. चर्चा झाली, दोन दिवसांत विरली.

जून २०११

११ जून २०११ ला भावाचा फोन आला. 'मिड-डे'चे ज्येष्ठ गुन्हे पत्रकार ज्योतिर्मय डे यांना पवईत भरदिवसा गोळ्या घातल्या होत्या. डे मोटारसायकलवरून चालले होते, मारेकरीही मोटारसायकलींवरच होते. ते ५६ वर्षांचे होते. त्यांच्या नावावर दोन पुस्तके होती. त्यांपैकी दुसरे, 'झीरो डायल', आदल्याच वर्षी आले होते आणि त्याचा विषय होता खबऱ्यांची दुनिया. पोलिसांना आतली बातमी देणारी माणसे कशी जगतात आणि कशी मरतात, हे त्यांच्याइतके जवळून पाहिलेले पत्रकार मुंबईत थोडेच असतील.

राजनने आपल्याविरुद्ध लिहिल्याच्या रागातून हा खून करवला, असे सरकारी पक्षाचे म्हणणे होते. २ मे २०१८ ला मुंबईच्या विशेष न्यायालयाने राजनसह नऊ जणांना जन्मठेप दिली.

डे गेले त्यानंतर अकराच दिवसांनी, २२ जूनला, इथल्या टीव्हीवर दुसरी बातमी झळकली. कॅलिफोर्नियात सँटा मोनिकाच्या एका साध्या फ्लॅटमध्ये जेम्स 'व्हायटी' बल्जर सापडला. बॉस्टनचा हा टोळीप्रमुख सोळा वर्षे बेपत्ता होता. वय ८१. घराच्या भिंतींत आठ लाखांहून अधिक डॉलर आणि तीस बंदुका. एकाच महिन्यातल्या या दोन बातम्या माझ्या डोक्यात तेव्हापासून शेजारी शेजारी बसल्या आहेत.

बॉस्टनचा कागद

बल्जरची गोष्ट ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दक्षिण बॉस्टन ही आयरिश कामगारांची वस्ती. बल्जर तिथल्या सरकारी चाळींत वाढला. त्याचा धाकटा भाऊ राज्याच्या सिनेटचा अध्यक्ष झाला. त्याच चाळींत वाढलेला जॉन कॉनोली एफबीआयमध्ये अधिकारी झाला. १९७५ मध्ये कॉनोलीने बल्जरची खबरी म्हणून नोंद केली. एफबीआयला तेव्हा इटालियन माफिया मोडायचा होता आणि बल्जर त्यांचा शत्रू. शत्रूचा शत्रू तो आपला मित्र, हा हिशेब सोपा होता. पण वीस वर्षांत तो उलटला. बल्जर माफियाची माहिती देत राहिला, आणि त्याच्याविरुद्ध कोण बोलतो ही माहिती कॉनोली त्याला देत राहिला.

ब्रायन हॅलोरन नावाचा एक छोटा गुंड १९८२ मध्ये एफबीआयकडे गेला आणि त्याने बल्जरचे नाव एका खुनात घेतले. बातमी बल्जरपर्यंत पोचली. ११ मे १९८२ ला हॅलोरनला बॉस्टनच्या बंदराजवळ मारले. त्या संध्याकाळी त्याला घरी सोडायला निघालेला मायकेल डोनह्यू नावाचा ट्रकचालकही मेला. त्याचा या कशाशी काही संबंध नव्हता. घरी बायको आणि तीन मुलगे होते.

दक्षिण बॉस्टनमध्ये मात्र लोक बल्जरला आपला म्हणत. तो आहे म्हणून वस्तीत गर्द येत नाही, म्हातारीकोतारी निर्धास्त फिरतात, असे सांगत. प्रत्यक्षात गर्द विकणारे त्याला हप्ता देत होते, हे पुढे न्यायालयात उघड झाले. हे वाचताना मला आमची कोजागरीची गच्ची आठवली.

'बॉस्टन ग्लोब'च्या वार्ताहरांनी १९८८ मध्येच बल्जर आणि एफबीआयचे काहीतरी साटेलोटे असल्याचे छापले होते. एफबीआयने तेव्हा ते साफ नाकारले. डिसेंबर १९९४ मध्ये अटकेची कुणकुण कॉनोलीने बल्जरला दिली आणि तो पळाला. त्याचे साथीदार मात्र सापडले. त्यांच्या खटल्यात मार्क वुल्फ या न्यायाधीशांनी एफबीआयला विचारले, तुमच्या खबऱ्यांत यांच्यापैकी कोण आहे? खाते टाळाटाळ करत होते, पण न्यायाधीशांनी सोडले नाही. सुनावण्या महिनोन् महिने चालल्या, अधिकाऱ्यांच्या साक्षी झाल्या आणि १९९९ मध्ये वुल्फ यांनी ६६१ पानांचा निकाल लिहिला. कॉनोलीला २००२ मध्ये शिक्षा झाली आणि २००९ मध्ये फ्लॉरिडात खुनाच्या गुन्ह्यात चाळीस वर्षांची आणखी एक. देशाच्या न्याय खात्याने २००१ मध्ये खबऱ्यांबाबतचे नियम नव्याने कडक केले. खबऱ्याला कोणता गुन्हा करायची मुभा द्यायची, ती कोणी द्यायची, तिची लेखी नोंद कशी ठेवायची, हे त्यांत ठरवून दिले आहे.

म्हणजे अमेरिकेत सगळे छान झाले असे मुळीच नाही. डोनह्यू कुटुंबाने सरकारवर दावा लावला. एका न्यायाधीशाने २००९ मध्ये त्यांना चौसष्ट लाख डॉलर भरपाई मंजूर केली. २०११ मध्ये अपील न्यायालयाने ती काढून घेतली. कारण काय, तर दावा दाखल करायला उशीर झाला. ज्या सरकारने वर्षानुवर्षे खरे लपवले, त्यानेच विधवेला तुम्ही उशिरा आलात म्हणून परत पाठवले. माझ्या विद्यार्थ्यांना यावर बोलते करावे लागायचे नाही.

बल्जरला ऑगस्ट २०१३ मध्ये अकरा खुनांत दोषी धरले गेले. दोन जन्मठेपा झाल्या. ३० ऑक्टोबर २०१८ ला, वेस्ट व्हर्जिनियाच्या तुरुंगात हलवल्याच्या दुसऱ्याच दिवशी, इतर कैद्यांनी त्याला मारून टाकले. तो ८९ वर्षांचा होता आणि चाकाच्या खुर्चीत होता. खटल्यात त्याला खुनांच्या आरोपांपेक्षा एकच गोष्ट झोंबत होती. "मी खबरी नव्हतो," हे त्याचे पालुपद होते. त्याच्या खबरीपणाची सुमारे सातशे पानांची फाईल ज्युरीसमोर होती.

बाली, दिल्ली आणि एक पासपोर्ट

आता परत आपल्या माणसाकडे. २५ ऑक्टोबर २०१५ ला ऑस्ट्रेलियाहून आलेल्या विमानातून राजन बालीच्या विमानतळावर उतरला आणि पकडला गेला. त्याच्याकडचा पासपोर्ट 'मोहन कुमार' या नावाचा होता. पासपोर्ट अस्सल भारतीय, फक्त माणूस खोटा. ६ नोव्हेंबरला त्याला भारतात आणले, तेही मुंबईला न नेता थेट दिल्लीला. महाराष्ट्रातले त्याच्यावरचे सगळे खटले सीबीआयकडे गेले.

पहिला निकाल लागला तो पासपोर्टचा. खटल्यात जबाब देताना राजन म्हणाला की तो दहशतवाद्यांविरुद्ध भारतीय यंत्रणांना मदत करत होता, जीव वाचावा म्हणून तो पासपोर्ट त्याला यंत्रणांकडूनच मिळाला, आणि ज्यांनी मदत केली त्यांची नावे देशाच्या हितासाठी तो सांगणार नाही. न्यायालयाने हा बचाव मानला नाही. एप्रिल २०१७ मध्ये त्याला आणि पासपोर्ट कार्यालयातल्या तीन निवृत्त कर्मचाऱ्यांना सात सात वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर डे खून खटल्याची जन्मठेप. डॉ. दत्ता सामंत यांच्या खुनाच्या खटल्यात तो २०२३ मध्ये पुराव्याअभावी सुटला. २०२४ मध्ये गावदेवीचे हॉटेलमालक जया शेट्टी यांच्या २००१ च्या खुनासाठी आणखी एक जन्मठेप सुनावली गेली. टिळकनगरचा तो पोरगा आज तिहारमध्ये म्हातारा होतो आहे.

हे सगळे मी नातीला सांगितले. ती आरतीचे तबक पुसत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "पण आजोबा, त्याची फाईल कुठे आहे?"

मी म्हणालो, "कसली फाईल?"

"तो सरकारसाठी काम करत होता की नव्हता, याची. बल्जर म्हणाला मी नव्हतो, आणि फाईल म्हणाली होतास. हा म्हणतो मी होतो. मग याची फाईल काय म्हणते?"

चाळीस वर्षे फायलींवर शिकवलेल्या माणसापाशी याचे उत्तर नव्हते. राजन खोटे बोलत असेल. सगळीकडून घेरलेला गुन्हेगार देशभक्तीचे पांघरूण ओढणारच. पण तो खोटे बोलत असेल तर तीन कारकुनांनी एका कुप्रसिद्ध फरारी गुंडाला अस्सल पासपोर्ट कोणाच्या सांगण्यावरून दिला? आणि तो खरे बोलत असेल, तर ज्या वर्षांत यंत्रणा त्याच्याशी बोलत होत्या त्या वर्षांत तो इकडे काय करत होता हे त्यांना माहीत होते का? डे यांच्या घरच्यांना खुनी कोण ते कळले. तो इतकी वर्षे मोकळा का होता, हे कळलेले नाही.

आपल्याकडे हे विचारायची सोयही थोडकी आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यातले कलम १२५ सांगत असे की गुन्ह्याची खबर कोणाकडून मिळाली हे पोलिसाला सांगायला भाग पाडता येणार नाही. खबऱ्याचा जीव वाचवायला हे रास्तच आहे. पण आपले केंद्रीय गुप्तचर खाते संसदेच्या कोणत्याही कायद्याने स्थापन झालेले नाही. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातूनही अशा संस्था कलम २४ ने वगळल्या आहेत. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचा भंग एवढीच काय ती फट. खबऱ्याला झाकण्यासाठी विणलेली चादर त्याला वापरणाऱ्यांनाही आपोआप पुरते.

हेर नकोत असे मी म्हणत नाही. बहिर्जी नाईकांच्या गोष्टी ऐकत वाढलेला माणूस असे कसे म्हणेल? आणि साधूसंतांमधून गुन्ह्याची खबर मिळत नाही, हेही खरे. पण कौटिल्यासारखा रोकठोक माणूससुद्धा सांगतो की एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन हेरांचे म्हणणे जुळले तरच ते खरे धरावे, आणि ज्याचे वारंवार जुळत नाही त्याला दूर करावे. हेरावर नजर ठेवणे हे हेर ठेवण्याइतकेच राजाचे काम, हे त्याला दोन हजार वर्षांपूर्वी कळले होते. काट्याने काटा काढायचा तर दुसरा काटा कुठे ठेवला हे घरात कोणाला तरी माहीत हवे. नाहीतर तो पायात मोडतो, आणि पाय बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाचा असतो. बॉस्टनमध्ये तो मायकेल डोनह्यूचा होता.

यंदाही कोजागरीला आम्ही त्याच गच्चीवर जमलो. जुन्या चौघांतले दोघे आता नाहीत. नव्या पिढीतल्या कोणीतरी कुठल्यातरी वेब मालिकेतल्या डॉनचे कौतुक सुरू केले, आणि एक तरुण म्हणाला, "काका, असं कोणीतरी लागतंच ना?" पंचवीस वर्षांपूर्वी मीच जे बोललो होतो ते ऐकून मी क्षणभर गप्प झालो. मग त्याला डे यांच्याबद्दल सांगितले. त्याने ते नाव कधी ऐकले नव्हते. राजनचे ऐकले होते.

दूध गार होईपर्यंत आम्ही बोलत उभे होतो.